तव्याशिवायची न्याहारी

आई गेली त्या दिवशी शाळेत भूगोलाचा तास चालू होता. शिपाई दारात आला आणि बाईंशी बोलला. बाईंनी माझं नाव घेतलं. मी दप्तर उचललं आणि बाहेर आले. व्हरांड्यात काका उभे होते. आम्ही डहाणूच्या स्टँडवर गेलो आणि एसटीत बसलो. घरासमोर माणसं होती. बाबा ओटीवर बसले होते. आत्याच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ बाळू झोपला होता आणि धाकटी बहीण शेवंती तिच्या पदराला धरून उभी होती. आईला अंगणात ठेवलं होतं.

ताप होता, एवढंच मला सांगितलं गेलं. त्याहून जास्त मी कधी विचारलं नाही आणि आता विचारण्यासारखं कुणी उरलेलं नाही. आमचं घर तळासरीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई. गावात शाळा सातवीपर्यंत होती, म्हणून मी डहाणूला मुलींच्या वसतिगृहात राहून नववीत शिकत होते. गावाहून डहाणूला दिवसातून एकच गाडी, तीही दुपारची, त्यामुळे रोज जाऊन-येऊन शिकणं होण्यासारखं नव्हतं. वसतिगृहात माझी खिडकीजवळ एक खाट होती आणि खाटेखाली पत्र्याची पेटी. पेटीत दोन फ्रॉक, एक चादर आणि ग्रंथालयाचं एक पुस्तक होतं. ते पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं. बाराव्यापर्यंत मला त्या पुस्तकाची सारखी आठवण येत होती, आणि आई गेलेली असताना आपल्याला पुस्तक आठवतं याचं मला नवल वाटत होतं.

आमच्या भावकीत एक रीत होती. ती आसपास सगळीकडे होती असं नाही. रानशेतला माझं आजोळ, तिथं ती कुणाला ठाऊकसुद्धा नव्हती. घरातली कर्ती बाई गेली की चुलीवरचा तवा घासून खुंटीला टांगायचा. चूल पेटायची, भात-डाळ शिजायची, पण तव्याला कुणी हात लावायचा नाही आणि तोवर दुसऱ्या चुलीवरची भाकरही घरात आणायची नाही. तो परत चुलीवर चढवायचा तो त्या घरातल्याच बाईनं. जी तवा चढवील आणि त्यावर पहिली भाकर टाकील ती घराची कारभारीण. पहिली भाकर पडली की मग पुढच्या कुणीही भाजाव्यात. पण जिनं पहिली टाकली तिनं गेलेल्या बाईच्या वर्षश्राद्धापर्यंत एक रात्रही घराबाहेर काढायची नाही. गेलेल्या बाईचा जीव चुलीपाशी घोटाळतो, त्याला घर रिकामं दिसू नये, असं त्याचं कारण सांगत.

आत्या कैनाडला दिलेली, म्हणजे परघरची झाली. काकी आमच्या शेजारीच राहायची, पण तिची चूल वेगळी. तेराव्या दिवशी सकाळी काकीनं पीठ मळून ठेवलं, चूल पेटवली आणि मला हाक मारली. "मंदा, ये गो. तवा चढव. हात लाव नि मोकळी हो."

मोकळी हो, असं ती म्हणाली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले आणि पुढे गेले नाही. तवा चढवला की वर्षभर वसतिगृह नाही, आणि आमच्याकडे वर्षभर घरी बसलेल्या पोरीला पुढच्या वर्षी कुणी शाळेत पाठवत नसे, तिला मागणी येत असे. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. माझ्यापेक्षा वरच्या वर्गातल्या दोन मुलींचं असंच झालं होतं आणि त्यांच्या खाटांवर दुसऱ्या मुली झोपत होत्या. मी म्हटलं, "आज नको."

"आज नको मंग कवा?" काकी म्हणाली. "पोरांनी खायाचं काय? पुस्तकं भाजून घालणार हायस?"

बाबा ओटीवर होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. काकीनं पीठ उचललं आणि आपल्या घरी नेलं.

असा तो पेच सुरू झाला. दुपार-संध्याकाळचं निभत होतं, आमच्याकडे राहिलेली आत्या भात रांधायची. अडायचं ते सकाळी. आमच्याकडे न्याहारी म्हणजे नागलीची भाकर, हिवाळ्यात तिच्यावर तिळाची नाहीतर खुरासणीची चटणी. तांदळाची पेज शेवंतीला नको असायची. ती सहा वर्षांची होती आणि वाटी दूर सारून खुंटीकडे बघत बसायची. बाळूचं आणखी अवघड. आईचं दूध तुटलं तेव्हा तो दीड वर्षाचा होता. काकीनं गाईचं दूध दिलं तर त्याला हगवण लागली. तळासरीच्या डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं, नागली द्या, केळं द्या म्हणाले. दुखवट्यामुळे घरात वर्षभर सुकी मासळी आणि अंडी बंद होती. म्हणजे दूध नाही, अंडं नाही, आणि भाकरही नाही.

गेल्या महिन्यात माझी भाची स्नेहल, बाळूची मुलगी, बोईसरहून आली होती. तिला दोन लहान मुलं. त्यांच्यासाठी ती ओव्हनमध्ये नाचणीचे छोटे केक भाजते, केळं आणि चिकू घालून, दूध-अंडं-मैदा काही न घालता, आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ टाकते. मला म्हणाली, "आत्या, तू लहानपणी बाबांना जे करून घालायचीस त्याचं प्रमाण सांग ना." मी सांगायला लागले आणि थांबले. प्रमाण मला आठवत नव्हतं. चूल आठवत होती, चुलीपुढचा पाट आठवत होता, धूर कोणत्या बाजूनं यायचा ते आठवत होतं. "अंदाजानं करायचे," मी म्हटलं. ती हिरमुसली. तिला वाटलं मी सांगायचं टाळते आहे.

सुरुवात पानगीनं झाली. कापणीच्या दिवसांत आई शेतावर नागलीचं पीठ पळसाच्या दोन पानांत थापून गरम राखेत पुरून ठेवायची. ते मला आठवलं. मी आत्याला विचारलं, "आत्या, निखाऱ्यात भाजलेलं चालेल का गं?"

आत्या तांदूळ निवडत होती. तिनं जरा विचार केला. "निखारा म्हंजे काय तवा नव्हं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. आई गेल्यानंतर त्या घरात मी ऐकलेलं ते पहिलं हसू. "शाळंत हेच शिकवतात काय?"

त्या दिवसापासून आमच्या घरात तवा न चढता न्याहारी होऊ लागली. माझा हिशेब सरळ होता. तवा खुंटीला आहे तोवर मी कारभारीण नाही. मी सुट्टीवर आलेली शाळकरी मुलगी आहे. वसतिगृहाच्या बाईंनी काकांकडे निरोप दिला होता की होळीपर्यंत मंदाची खाट राखून ठेवते, होळीनंतर परीक्षा, तोवर आली नाही तर जागा दुसरीला द्यावी लागेल. होळीपर्यंत काहीतरी होईल असं मला वाटत होतं. काय होईल ते मी ठरवलं नव्हतं.

पानगी पातळ असे आणि बाळूच्या घशाला लागे. त्याला मऊ काहीतरी हवं होतं. मी पिठात पिकलं केळं कुस्करून बघितलं, गूळ घालून बघितला, काकडी किसून घातली, लाल भोपळा उकडून घातला. गोड होई, पण दगडासारखं बसे. मग देवजीदादाची आठवण झाली. तो आमच्या बांधावरच्या ताडाची ताडी काढायचा. सकाळी तो खाली उतरला की मी पेला घेऊन उभी.

"न्याहारीलाच?" तो म्हणाला. "तुझा बा पन एवढ्या सकाळी मागत नाय."

"पिठात घालायचीय."

"पीठ झिंगंल नि पोरं बी झिंगतील. शेवंते, शाळंत जाऊन पडशील गो, मास्तर इचारंल काय प्यालीस, सांग ताईनं भाकर दिली!"

शेवंतीला ते इतकं आवडलं की नंतर ती रोज चार पावलं तोल जाऊन चालून दाखवायची. पण ताडीनं पीठ फुगलं. संध्याकाळी नागली आणि तांदळाचं पीठ केळ्यात आणि गुळाच्या पाण्यात भिजवायचं, त्यात सकाळी आणलेली ताडी ओतायची, आणि सकाळपर्यंत ते टोपात चढून यायचं, वर बुडबुडे, आंबूस गोड वास. मग जाड बुडाच्या टोपाला आतून केळीचं पान लावायचं, त्यात पीठ, वर पुन्हा पान, झाकण. टोप मंद निखाऱ्यांवर आणि झाकणावर कडक निखारे. वरचा विस्तव खालच्यापेक्षा जास्त लागतो. हे कळेपर्यंत तळ कितीदा तरी करपला. भाजून झाल्यावर झाकण काढलं की पान तपकिरी झालेलं असायचं आणि त्याखाली काळपट लाल, फुगीर, तडकलेली पाठ. पहिल्यांदा जमलं तेव्हा बाळूनं त्यात बोट खुपसलं. खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. तो म्हणाला, "फुगा." त्याला येणाऱ्या मोजक्या शब्दांपैकी तो एक. तेच त्याचं नाव पडलं.

फुगा दोघांना मानवला. बाळूचं पोट थांबलं, त्याच्या दंडावर मांस आलं. आत्या येणाजाणाऱ्याला त्याचे दंड दाखवायची. चिकूच्या दिवसांत आत्याच्या कैनाडच्या वाडीतले पडके चिकू पोत्यानं यायचे, ते घातले की गूळ लागत नसे. शेवंतीला कडेचा कडक तुकडा हवा असायचा आणि ती तो दप्तरात लपवून शाळेत न्यायची. हे सगळं चांगलंच होतं. पण तो टोप एकदा निखाऱ्यांवर ठेवला की मला उठता येत नसे. झाकणावरचा विस्तव राख होत आला की नवे निखारे ठेवायचे, खालचे जास्त झाले की ओढून घ्यायचे. जरा दुर्लक्ष झालं की वर कच्चा, खाली कोळसा. तव्यावरची भाकर मिनिटभरात होते, बाई उठते आणि दुसऱ्या कामाला लागते. फुग्यासाठी मी उजाडायच्या आधीपासून शेवंतीची शाळा भरेपर्यंत त्याच एका पाटावर बसलेली असायचे. पीठ आदल्या संध्याकाळी, पानं दुपारी, लाकडं त्याच्याही आधी. कुठल्याच तासाला मी त्या टोपापासून लांब नसे. तवा चढवून मी जेवढी अडकले असते त्याहून जास्त तो न चढवून अडकले होते, आणि हे मला दिसत असूनही सुटायची वाट दिसत नव्हती, कारण तो टोप उतरवला की तवा चढवावा लागणार.

पाटावर बसून मी वाचायचे. काकांनी माझी पुस्तकं आणून दिली होती. भूगोलाच्या पुस्तकात गवताळ प्रदेशांचा धडा होता, तो मी कितीदा वाचला असेल कोण जाणे. डोळ्यांत धूर गेला की अक्षरं पुसट होत. त्या पुस्तकाच्या पानांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. पाठांतर चालू असताना आजूबाजूच्या घरांतून भाकरी थापायचे आवाज यायचे. प्रत्येकीची थाप वेगळी. काकीची जलद आणि वजनदार, पलीकडच्या म्हातारीची थांबून थांबून, मध्ये बांगड्यांचा आवाज. आमच्या घरात निखारे तडकायचे तेवढेच. शेवंती उठली की आधी कानोसा घ्यायची आणि मग पुन्हा गोधडीत शिरायची. मी तेव्हा समजायचे की तिला थंडी वाजते.

माघ संपत आला तसा पळस झडायला लागला. पानं गेली आणि फांद्यांवर लाल फुलं आली. उतारावर सगळीकडे ती फुलं दिसायची आणि मला त्यांचा राग यायचा, कारण ती म्हणजे होळी जवळ आली. बाबा पहाटे उठून खळ्यात जायचे, काम नसलं तरी जायचे. घरात ते कमी बोलत. मी शाळेचं नाव काढलं की म्हणत, "बघू." मी नाही काढलं तर तेही काढत नसत. एकदा त्यांनी फुग्याचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. "तुझी आय गोड नाय खायाची," ते म्हणाले आणि उठून गेले.

काकीच्या कुंदाचं लग्न ठरलं. नवरा उंबरगावकडचा, घरात गुजराती-मराठी दोन्ही बोलणारे. भावकीतल्या एका घराचा तवा उतरलेला असताना मांडव घालायचा नाही, हीसुद्धा त्याच रितीची एक बाजू. काकी आधी आत्याशी बोलली, मग बाबांशी, मग येऊन माझ्यासमोर चुलीपाशी बसली. ती रागावलेली नव्हती. दमलेली होती.

"मंदा, तुला काय वाटतं, माला कळत नाय?" ती म्हणाली. "मी बी तिसरीपर्यंत गेलते. माला पन पहिला नंबर होता. मंग काय झालं? मेले काय मी?"

मी निखारे सारखे करत राहिले.

"माझ्या पोरीचं लगीन अडलंय तुझ्यापायी. परवा पावणं येनार. उद्या सकाळी तवा चढू दे. नाय चढवलास तर मी येनार नि तुझा हात धरून चढवनार. मंग रड, नायतर वाच."

त्या संध्याकाळी मी पीठ भिजवलं. सवयीनं भिजवलं, उद्या ते लागणार नाही हे माहीत होतं. काकीवर मला चिडता येत नव्हतं. कुंदा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, लहानपणी तिनं मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडून दिलेला. तिचं लग्न माझ्यामुळे थांबावं असं मला वाटत नव्हतं. मी पुस्तकं एकावर एक रचली आणि माळ्यावर ठेवली.

सकाळी मी नेहमीसारखा टोप निखाऱ्यांवर ठेवला, झाकणावर विस्तव ठेवला. काकी यायला अवकाश होता. केळीचं पान संपलं होतं, तवा चढवल्यावर पहिला नैवेद्य पानावरच ठेवायचा असतो, म्हणून मी कोयता घेऊन मागच्या परसात गेले. पान लगेच कापून झालं. मी लगेच परतले नाही. केळीच्या बुंध्याशी उभी राहिले. तिथून घराचं मागचं दार दिसतं. मी स्वतःला म्हणत होते, आता जायचं, तवा काढायचा, पुसायचा, चढवायचा. सगळं मिळून थोडंसंच काम होतं.

आणि घरातून थापेचा आवाज आला.

एक थाप, मग बराच वेळ काही नाही, मग दोन थापा. मला वाटलं काकी लवकर आली. मी धावले. आत चुलीवर तवा होता. चुलीपुढच्या माझ्या पाटावर शेवंती बसली होती. खुंटीपर्यंत हात पोचायला तिनं धान्याच्या कणगीवर पाय दिला असावा, तिच्या फ्रॉकला भिंतीचा चुना लागला होता. झाकणावरचे निखारे ओढून तिनं तव्याखाली घातले होते. परातीत कोरडं पीठ सांडलं होतं आणि ती दोन्ही हातांनी तळव्याएवढी भाकर थापत होती, जीभ बाहेर काढून. मी "शेवंते" म्हणेपर्यंत तिनं ती तव्यावर टाकली. एका बाजूला घडी पडली. तिनं बोटानं ती सरळ केली, भाजलं, बोट तोंडात घातलं आणि माझ्याकडे बघितलं.

आत्या तांब्या घेऊन दारात आली ती तिथंच थबकली. तिच्यामागे काकी.

"हे कुनी चढवलं?" काकी म्हणाली.

"मी," शेवंती म्हणाली.

"उतरव. पोरखेळ हाय काय? मंदा, उतरव तो नि नीट चढव."

आत्यानं तांब्या खाली ठेवला. "वयनी, तवा तापला, भाकर पडली. आता उतरवनार कोन?"

"सहा वरसाची कारभारीन? लोक हसतील."

"घरातली बाई पायजे म्हनत होतात. घरातलीच हाय की."

"बाई हाय काय ती? दात पडलेत तिचे!"

"मंग येतील," आत्या म्हणाली.

तोवर भाकर करपली होती. शेवंतीनं उलथन्यानं ती उलटायचा प्रयत्न केला, ती मोडली. बाबा कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. ते खाली बसले, तव्यावरचे तुकडे त्यांनी हातानंच उचलले आणि खायला लागले. एकीकडून कोळसा, आतून ओलं पीठ. आम्ही सगळ्या बघत होतो. त्यांनी शेवटचा तुकडा खाल्ला, हात झटकले आणि शेवंतीकडे बघून म्हणाले, "मीठ नाय घातलंस, कारभारनी."

काकी हसली. मला ते अजून आठवतं, आधी तीच हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग बाबा माझ्याकडे वळले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंदा, दप्तर भर. दुपारच्या गाडीनं जाऊ." झाकणावरचा विस्तव गेल्यामुळे टोपातला फुगा कच्चाच राहिला होता. बाळू त्याच्यासाठी रडत होता. आत्यानं तव्यावर भाकर टाकली, गुळाबरोबर त्याला दिली, आणि त्यानं ती खाल्ली. इतके महिने मी समजत होते की तो भाकर खाणार नाही.

मी परीक्षा दिली. पुढं मॅट्रिक झाले, डी.एड. झाले, डहाणूला शाळेत शिकवत राहिले, तिथंच संसार झाला. आत्या आमच्याकडे दोन वर्षं राहून कैनाडला परत गेली. शेवंतीला सगळे कारभारीण म्हणत. हाका मारताना म्हणत, चिडवताना म्हणत, देवजीदादा ताडावरून ओरडून म्हणायचा, "कारभारनी, आज बाजारभाव काय?" तिला ते आवडायचं. ती कमरेवर हात ठेवून उत्तर द्यायची. बाळूनं पुन्हा फुग्याचा हट्ट धरला तेव्हा, नऊ-दहा वर्षांची असताना, तोही ती शिकली. माझ्यापेक्षा तिचा चांगला व्हायचा; तिला विस्तवाचा अंदाज होता. पुढं गावात बालवाडी आली तशी जाता जाता चार पोरं तिच्या ओटीवर थांबू लागली, मग दहा-बारा, आणि ती त्यांना केळीच्या पानावर तुकडे द्यायची.

आईचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा मी घरी होते. भटजी गेले, माणसं जेवली, भांडी झाली. रात्र घराबाहेर न काढायचा नेम त्या दिवशी संपला. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलून दाखवलं नाही. शेवंतीला कुणी सांगितलं नाही. आठव्या वर्षी आत्यानं तिला कैनाडला नेलं तर दिवस कलल्यावर ती चप्पल घालून अंगणात उभी राहिली, मला घरी सोडा म्हणून. आत्याला तिचं कौतुक वाटलं. मीही ती गोष्ट हसत हसत मैत्रिणींना सांगितलेली आहे. सोळाव्या वर्षी तिला बघायला आले, ती नको म्हणाली. पुन्हा आले, पुन्हा नको म्हणाली. बाबा थकले होते, बाळू शिकत होता, घरात बाई हवीच होती, त्यामुळे तिच्या नकाराचं कारण कुणाला शोधावंसं वाटलं नाही. तोवर गाड्या वाढल्या होत्या; माझ्या लग्नाला ती सकाळी आली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत दिवसभर माझ्यापाशी बसायची आणि गाडीची वेळ झाली की उठायची. बाबा गेल्यावर मी तिला म्हटलं, आता डहाणूला ये, माझ्याकडे राहा. ती म्हणाली, "रातीचं घर कसं टाकू?" तोवर तिनंही पन्नाशी गाठली होती.

गेल्या पावसाळ्यात तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. तिनं घराबाहेर काढलेली ती पहिली रात्र. मी तिच्या खाटेशी होते. संध्याकाळ होत आली तशी ती बेचैन झाली, उठून बसायला बघायची. मी तिला विचारलं, शेवंते, तू त्या दिवशी तवा का चढवलास? माझ्यासाठी? इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. तिनं डोळे उघडले. "तुझ्यासाठी कशाला?" ती म्हणाली. "घरात आवाज नव्हता." थोड्या वेळानं म्हणाली, "सगळ्यांच्या घरात यायचा. आपल्यात नाय." मग तिनं मला बाळू जेवला का विचारलं. बाळू आता आजोबा झाला आहे आणि बोईसरला राहतो. मी हो म्हटलं.

ती सकाळी गेली.

यंदा भावकीत ती रीत कुणी पाळली नाही. तशी घरात पाळायला कुणी नव्हतंच. बालवाडीच्या वाटेवरची पोरं काही दिवस ओटीशी थांबत होती, मग थांबेनाशी झाली. शेजारची सून दिवसाआड अंगण झाडते आणि तुळशीला पाणी घालते. रात्री तिथं कुणी नसतं. दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे.